कीर्तनाचं लाइव्ह, ग्रामसभेचं रेकॉर्डिंग : आवाज आपोआप सारखा करणाऱ्या प्लगइनची बटणं नेमकं करतात काय?

हरिनाम सप्ताह बसला की आता मंडपाबरोबर मोबाईलचा ट्रायपॉडही उभा राहतो. कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह जातं. मुंबई-पुण्याला कामाला गेलेली पोरं ते बघतात आणि गुडघ्यांमुळे मंडपापर्यंत येऊ न शकणारी म्हातारी माणसं घरात खाटेवर पडून ऐकतात. चित्र बहुतेक ठिकाणी बरं असतं. बोंब असते ती आवाजाची. महाराजांचं निरूपण चालू असतं तेव्हा शब्द कळत नाही, म्हणून आपण मोबाईलचा आवाज फुल्ल करतो. तेवढ्यात टाळकरी चाल उचलतात आणि कानठळ्या बसतात. मग कमी करा, पुन्हा वाढवा. दोन तासांच्या कीर्तनात ऐकणाऱ्याचा अंगठा आवाजाच्या बटणावरच.

यावर उपाय म्हणून लाइव्ह करणारी बरीच पोरं आता ‘ऑटो लेव्हलर’ लावतात. कुठे त्याला व्हॉल्यूम लेव्हलर म्हणतात, कुठे ऑटो गेन, कुठे रायडर. काही फुकट मिळतात, काही विकत. आवाज लहान झाला की वाढवायचा, मोठा झाला की दाबायचा, एवढंच काम. पण प्लगइन उघडलं की समोर सहा-सात गोल बटणं दिसतात. मग एक तर कोणी त्यांना हात लावत नाही, नाही तर सगळी उजवीकडे फिरवली जातात. दोन्हींचा निकाल जवळपास सारखाच : आवाज सारखा होतो खरा, पण पंख्याची घरघर, मागची कुजबुज आणि लांबचा जनरेटर हेही सगळे कीर्तनकाराइतकेच मोठे होतात.

मिक्सरवरचा हात

हे समजायला आधी मंडपातल्या जाणत्या साउंडवाल्याकडे बघा. त्याचा एक हात कायम मिक्सरच्या सरकत्या पट्टीवर, म्हणजे फेडरवर असतो. वक्ता माईकपासून मागे सरकला की फेडर बोटभर वर, जवळ येऊन ओरडला की खाली. ऑटो लेव्हलर म्हणजे हा हातच. आवाज किती आहे ते मोजायचं, किती हवा आहे त्याच्याशी ताडून बघायचं आणि मधला फरक फेडर सरकवून भरून काढायचा. वेव्हज कंपनीचं ‘व्होकल रायडर’ नावाचं प्लगइन आहे, त्याच्या पडद्यावर तर खरोखरच एक फेडर आपोआप वर-खाली होताना दिसतो.

फरक एकच, पण मोठा. साउंडवाल्याला माहीत असतं की अभंगाचं चरण संपत आलंय, आता टाळ वाजणार. प्लगइनला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त आकडा दिसतो. आकडा लहान झाला तर महाराज मागे सरकले म्हणून झाला, की एखादी हळवी गोष्ट सांगताना मुद्दाम आवाज खाली आणला म्हणून, की बोलणंच थांबलं म्हणून, हे त्याला सांगता येत नाही. बटणं असतात ती एवढ्यासाठीच. जे ज्ञान त्याला नाही, ते आपण बटणांमधून थोडंथोडं पुरवायचं.

कॉम्प्रेसर आणि लेव्हलर यांतही गल्लत होते. कॉम्प्रेसर फक्त एका ठरावीक रेषेच्या वरचा आवाज दाबतो आणि तेही झटकन, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. लेव्हलर दोन्हीकडे काम करतो, वरही नेतो आणि खालीही आणतो, पण सावकाश. कॉम्प्रेसर शब्दातलं एखादं ठोसकं अक्षर पकडतो. लेव्हलर वाक्य पकडतो. कल्पना तशी जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत जिम लॉरेन्स यांनी टेलेट्रॉनिक्स कंपनीसाठी ‘एलए-२ए’ नावाचं लेव्हलिंग अॅम्प्लिफायर काढलं. आवाज मोठा झाला की आतला एक छोटा प्रकाशक उजळायचा आणि त्या उजेडामुळे आवाज दबायचा. त्यावर कामाची बटणं दोनच होती, एक दाबण्याचं आणि एक वाढवण्याचं. आजच्या प्लगइनमध्ये ती वाढलीत, पण घाबरण्यासारखं काही नाही.

टार्गेट : आवाज कुठे टिकवायचा

पहिलं बटण टार्गेट. आवाज साधारण किती असावा, तो आकडा. हा शून्याच्या खाली, मायनसमध्ये असतो, कारण डिजिटल आवाजात शून्य म्हणजे छप्पर; त्याच्या वर काही नाही, वर गेलं की आवाज फाटतो. बऱ्याच प्लगइनमध्ये हा आकडा एलयूएफएसमध्ये दिलेला असतो, बोलताना ‘लफ्स’. माणसाच्या कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याच्या जवळपास जाणारं हे माप आहे. साध्या डेसिबल मीटरला टाळेचा एक टणत्कार मोठा दिसतो. लफ्सचा मीटर थोडा वेळ सरासरी बघतो.

यूट्यूब साधारण मायनस १४ लफ्सच्या वरचा आवाज स्वतःच खाली आणतं. त्याखालचा आवाज मात्र वर नेत नाही. म्हणून फार हळू पाठवलेलं कीर्तन हळूच राहतं आणि फार मोठं पाठवून काही मिळत नाही. बोलण्यासाठी टार्गेट मायनस १८ ते मायनस १६ ठेवलं तर वर टाळांना थोडी जागा राहते.

पण आकडा नुसता टाकून पुढे जाऊ नका. महाराज नेहमीच्या पट्टीत निरूपण करत असतील तेव्हा प्लगइनच्या काट्याकडे बघा. काटा शून्याच्या आसपास थोडा वर, थोडा खाली डुलत असेल तर जमलं. तो कायम वरच्या टोकाला चिकटलेला असेल तर माईकमधूनच आवाज कमी येतोय. तिथे प्लगइन नाही, मिक्सरचा गेन वाढवायला हवा. कायम खालच्या टोकाला असेल तर उलट. लेव्हलरला हेलकावे सांभाळू द्या, मुळातली कमतरता भरायचं काम त्याच्या गळ्यात मारू नका.

रेंज : खरं बटण हेच

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित बटण म्हणजे रेंज. काही प्लगइनमध्ये त्याला ‘मॅक्स गेन’ आणि ‘मॅक्स कट’ अशी दोन नावं असतात. जास्तीत जास्त किती वर न्यायचं आणि किती खाली आणायचं, याची ही वेस.

हिशोब करून बघू. उघड्यावर तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो. म्हणजे वीतभर अंतरावरून दोन वीत झालं की सहा डेसिबल गेले. चार वीत झालं की बारा. समजा महाराज माईकला चिकटून बोलतात तेव्हा आवाज मायनस १४ येतो आणि मागे सरकून बोलतात तेव्हा मायनस २६. टार्गेट ठेवलं मायनस २० आणि रेंज दोन्हीकडे सहा. मोठा आवाज सहाने खाली येऊन मायनस २०, लहान आवाज सहाने वर जाऊन मायनस २०. काम झालं. बारा डेसिबलचा हेलकावा सहाच्या रेंजमध्ये मिटला.

आता कोणी म्हणेल, मग रेंज वीस ठेवू, म्हणजे काहीच सुटणार नाही. इथेच पाणी मुरतं. मंडपात पंखे, जनरेटर, लेकरांचा गलका यांचा मिळून एक खालचा आवाज सतत असतो. तो समजा मायनस ५० आहे. महाराज श्वास घ्यायला किंवा पाणी प्यायला थांबले की प्लगइनला फक्त हाच आवाज ऐकू येतो. ते म्हणतं, अरे, आवाज फारच पडला! आणि वीस डेसिबल वर चढवतं. मायनस ५० चा गलका मायनस ३० वर येतो. घरी ऐकणाऱ्याला वाटतं, महाराज थांबले की मंडपात वादळ सुटतं आणि बोलायला लागले की ते गुडूप होतं. या फुगण्या-आटण्याला साउंडवाले ‘पंपिंग’ म्हणतात. शिवाय महाराज पुन्हा बोलू लागतात तेव्हा पहिला शब्द त्या वाढवलेल्या आवाजातच फाडकन येतो.

रेंज लहान ठेवली तर थोडा हेलकावा उरतो. उरू द्या. कीर्तनात आवाज खाली-वर होणं हा कलेचाच भाग आहे. गोष्ट रंगात आली की कीर्तनकार मुद्दाम आवाज कुजबुजीपर्यंत आणतात, सगळा मंडप पुढे सरकून ऐकतो आणि मग एकदम गजर. तो उतार सपाट केला तर कीर्तन बातम्या वाचल्यासारखं वाटतं. बोलण्यासाठी वर जायची मर्यादा सहा, फार तर आठ डेसिबल. खाली आणायची मर्यादा थोडी जास्त ठेवली तरी चालते, कारण दाबताना गलका वाढत नाही.

वेग : किती झटकन, किती सावकाश

पुढची दोन बटणं अॅटॅक आणि रिलीज. काही ठिकाणी दोन्हींच्या जागी एकच ‘स्पीड’ असतं. अॅटॅक म्हणजे आवाज मोठा झाला की दाबायला किती वेळ घ्यायचा, आणि रिलीज म्हणजे मोठा आवाज थांबल्यावर हात किती सावकाश सोडायचा. आकडे मिलिसेकंदात असतात. हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद.

वेग फार जास्त ठेवला तर लेव्हलर प्रत्येक अक्षरामागे धावतो. ‘विठ्ठल’ म्हणताना ‘वि’ वेगळा, ‘ठ्ठ’ वेगळा, ‘ल’ वेगळा दाबला जातो आणि आवाज गुदमरल्यासारखा वाटतो. फार कमी ठेवला तर टाळ सुरू झाल्यावर पाच-सात सेकंद कानठळ्या बसतात आणि टाळ थांबल्यावर तेवढाच वेळ महाराज ऐकूच येत नाहीत. दुसरी अडचण जास्त त्रासाची, कारण गजरानंतरचं पहिलंच वाक्य हरवतं आणि मुद्दा बऱ्याचदा तिथेच असतो.

म्हणून दाबायला चपळ आणि सोडायला सावकाश, असा मेळ घालतात. दाबणं शंभर-दोनशे मिलिसेकंदांत, सोडणं एक ते दोन सेकंदांत. नुसतं भाषण असेल तर याहून सावकाश चालेल. पण खरं सांगायचं तर टाळ-पखवाज आणि निरूपण एकाच माईकवर असतील तर कुठलाच वेग पूर्ण समाधान देत नाही. महाराजांना कॉलर माईक वेगळा, टाळकऱ्यांना वेगळा आणि लेव्हलर फक्त महाराजांच्या चॅनलवर, हा खरा तोडगा. त्याला थोडा खर्च आहे, पण तो कुठल्याही महागड्या प्लगइनपेक्षा कामाला येतो.

शांतता ओळखणारं बटण

वर पंपिंगचा जो त्रास सांगितला, त्यावर प्लगइनवाल्यांनीच एक बटण दिलेलं असतं. नाव सगळीकडे वेगळं : कुठे सेन्सिटिव्हिटी, कुठे गेट, कुठे नुसतं थ्रेशोल्ड. अर्थ एकच. या आकड्याच्या खालचा आवाज म्हणजे बोलणं नव्हे, तिथे फेडरला हात लावू नकोस.

आकडा ठरवायची युक्ती सोपी. कार्यक्रमाआधी पंखे, जनरेटर सगळं चालू ठेवा, माईक उघडा ठेवा आणि कोणी बोलत नसताना मीटर बघा. समजा मायनस ५० दिसलं. मग सगळ्यात हळू बोलणाऱ्याला माईकसमोर उभं करा. समजा मायनस ३४ आलं. मधला आकडा, मायनस ४२ च्या आसपास, इथे बटण लावा. दोन्ही आकडे अगदीच जवळजवळ आले तर कुठलंही बटण उपयोगाचं नाही. माईक तोंडाजवळ न्या, नाही तर पंखा बंद करा.

व्होकल रायडरमध्ये ‘स्पिल’ म्हणूनही एक बटण आहे. माईकमध्ये बाजूच्या वाद्याचा आवाज शिरतो, त्याला बोलणं समजू नये यासाठी ते असतं.

बाकीची बटणं थोडक्यात. ‘आउटपुट’ म्हणजे सगळं झाल्यावर शेवटी एकूण आवाज कमी-जास्त करणं. ‘लुक-अहेड’ म्हणजे आवाज थोडा अडवून ठेवून पुढे काय येतंय ते आधी बघणं. रेकॉर्डिंगवर ते छान चालतं. लाइव्हमध्ये मात्र आवाज तेवढाच उशिरा जातो आणि ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. लाइव्ह करताना ते बंद ठेवा किंवा कॅमेऱ्यालाही तेवढाच उशीर लावा.

ओबीएस वापरत असाल तर

लॅपटॉपवरून लाइव्ह करणारे बरेचजण ओबीएस स्टुडिओ वापरतात. ते फुकट आहे. त्यात माईकच्या फिल्टरमध्ये कॉम्प्रेसर असतो. तो उघडला की रेशो १० ला १, थ्रेशोल्ड मायनस १८, अॅटॅक ६ आणि रिलीज ६० मिलिसेकंद असे आकडे आधीच भरलेले असतात. याचा अर्थ मायनस १८ च्या वर दहा डेसिबल गेलेला आवाज फक्त एक डेसिबल वर जाईल. बाकी नऊ दाबले जातील. अचानक आलेला फटका अडवायला ठीक, पण कीर्तनाला हे फारच कडक. रेशो ३ ला १ आणि रिलीज दोनशे-तीनशे केलं तर आवाज मोकळा वाटतो. हा कॉम्प्रेसर हळू आवाज आपणहून वर आणत नाही, हेही ध्यानात ठेवा. ते हवं असेल तर व्हीएसटी प्लगइनच्या फिल्टरमधून वेगळा लेव्हलर बसवता येतो.

ओबीएसमध्ये फिल्टर वरून खाली या क्रमाने चालतात आणि हा क्रम चुकला की सगळं बिघडतं. आधी घरघर कमी करणारा फिल्टर, मग लेव्हलर किंवा कॉम्प्रेसर आणि सगळ्यात शेवटी लिमिटर. घरघर आधीच का? कारण लेव्हलरच्या आधी ती एकाच पट्टीत असते, ओळखायला सोपी. लेव्हलरमधून गेली की कधी मोठी, कधी लहान होते आणि मग घरघर काढणारा फिल्टर गोंधळतो. लिमिटर शेवटी ठेवतात, कारण तो छपराखालचा शेवटचा वासा. ओबीएसमध्ये तो मायनस ६ वर असतो, मायनस २ पर्यंत वर नेता येतो.

रेकॉर्डिंग नंतर सुधारायचं असेल तर

कार्यक्रम होऊन गेला असेल तर घाई नाही. ऑडॅसिटीमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ आहे, पण ते पूर्ण फाइल एकाच मापाने वर किंवा खाली नेतं. आतले हेलकावे तसेच राहतात. पुष्कळांची इथे फसगत होते. हेलकावे काढायला एफएफएमपेगमधला ‘डायनॉडनॉर्म’ फिल्टर आहे. तो आवाजाचे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे करतो आणि आजूबाजूचे मिळून ३१ तुकडे, म्हणजे सुमारे साडेपंधरा सेकंद, बघून प्रत्येक तुकडा किती वाढवायचा ते ठरवतो. मागचं आणि पुढचं दोन्ही दिसत असल्याने त्याचा हात फार मऊ चालतो. मात्र त्याची मुळातली कमाल वाढ १० पट आहे, म्हणजे वीस डेसिबल. वर सांगितलेला रेंजचा घोळ इथेही होतो. ती ३ पट केली की साधारण साडेनऊ डेसिबलवर येते आणि गलका आवाक्यात राहतो.

ग्रामसभेची गोष्ट वेगळी

कीर्तनात लेव्हलर थोडा चुकला तर ऐकणाऱ्याचा विरस होतो. ग्रामसभेच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न वेगळा असतो. माईक असतो टेबलावर, सरपंच आणि ग्रामसेवकांसमोर. प्रश्न विचारणारी बाई असते मागे, दाराजवळ, आणि तिच्या हातात माईक पोचत नाही. टेबलावरचा आवाज मायनस १५, तिचा मायनस ४० आणि खोलीतल्या गलक्याचा मायनस ४५. आता लेव्हलर तिला वीस डेसिबल वर आणेलही, पण गलकाही सोबतच वर येईल. तिच्या आणि गलक्याच्या मधलं अंतर पाचच डेसिबल होतं, ते पाचच राहणार. फाइलमध्ये तिचा आवाज मोठा होईल, प्रश्न मात्र कळणार नाही. पाण्याच्या टाकीबद्दल काय विचारलं होतं आणि उत्तर काय मिळालं यावर पुढे वाद झाला, तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त उत्तर सापडेल.

यावर प्लगइन नाही, दुसरा माईक हाच इलाज. वायरलेस माईक मागे फिरवणारा एक पोरगा नेमा. तेही जमत नसेल तर मागच्या रांगेत एक मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून ठेवा आणि सुरुवातीला दोन्हीकडे ऐकू जाईल अशी एक मोठी टाळी वाजवा. नंतर त्या टाळीवरून दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता येतात.

आणखी एक. अशा बैठकीची मूळ फाइल कधीही पुसू नका. लेव्हलर लावलेल्या फाइलमध्ये ओरडणं आणि शांतपणे बोलणं एकाच पट्टीत येतं, मागची कुजबुज पुढे येते. कोण किती चढ्या आवाजात बोललं हे त्यावरून सांगता येत नाही. लोकांना ऐकवायला सुधारलेली प्रत, कपाटात ठेवायला मूळ, अशा दोन ठेवाव्यात. मोबाईलचा कॅमेराही पुष्कळदा स्वतःहून आवाज वर-खाली करत असतो, म्हणून शक्य असेल तिथे मिक्सरमधून सरळ निघालेली फाइल जपा.

तपासायचं कसं

मंडपात हेडफोन लावून तपासू नका. शेजारी भोंगे वाजत असताना काही कळत नाही. दोन मिनिटांची चाचणी रेकॉर्ड करा. त्यात एकदा हळू बोलणं, एकदा मोठ्याने, दहा सेकंद पूर्ण गप्प आणि मग टाळ. ती घरी नेऊन साध्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, कारण बहुतेक लोक तशीच ऐकणार आहेत. गप्प असलेल्या दहा सेकंदांकडे नीट कान द्या. त्यात गलका हळूहळू चढत गेला तर रेंज दोन डेसिबलने कमी करा आणि पुन्हा ऐका. टाळेनंतरचं पहिलं वाक्य हरवलं तर रिलीज थोडं कमी करा. एका वेळी एकच बटण फिरवा, नाही तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

ऐकणाऱ्यांसाठीही एक सोय आहे. यूट्यूबच्या अॅपमध्ये व्हिडिओवरच्या चाकाच्या खुणेत ‘स्टेबल व्हॉल्यूम’ नावाचा पर्याय २०२३ पासून मिळतो. तोही एक लेव्हलरच, फक्त ऐकणाऱ्याच्या बाजूला बसलेला. बऱ्याच व्हिडिओंवर तो आधीच चालू असतो. लाइव्ह करणाऱ्याने आधीच भरपूर दाबलेल्या आवाजावर हा पुन्हा बसला की टाळ अगदीच मेल्यासारखे वाजतात. तसं वाटलं तर तो बंद करून बघा.